हमखास!

जन्मभर मुलांना शब्दांचे अर्थ सांगत आलो. पण 'हमखास' या शब्दाने मलाच गंडवले. सोलापुरात सात रस्त्यावर एका क्लासचा भलामोठा फलक लागला होता : 'शंभर टक्के हमखास यश!' मुलीसाठी वर्षाची फी भरून मोकळा झालो. फलकावर हसणाऱ्या यशवंतांपैकी काहींनी तेथे फक्त मुलाखतीचा फुकट सराव केला होता, हे मागाहून कळले. पैसे परत मागायला गेलो, तर पावतीमागची बारीक अक्षरे माझ्यापुढे धरली गेली!

हे दुखणे एकट्या सोलापूरचे नव्हे. देशभर हेच आढळल्यावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये क्लासच्या जाहिरातींना नियम घालून दिले. यशाची वा नोकरीची हमी देता येत नाही. विद्यार्थ्याचा फोटो छापायचा, तर निकालानंतर त्याची लेखी संमती हवी. त्याने कोणता अभ्यासक्रम केला, किती मुदतीचा, फी भरून की फुकट, हेही सांगावे लागते. खुलासा दाव्याइतक्याच ठळक अक्षरांत हवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने फसव्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

घरी मी चरफडत होतो. मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा, 'प्रश्न नीट वाचा, मगच उत्तर लिहा' असं तुम्हीच वर्गात सांगता ना?"

मी निरुत्तर झालो, हमखास!