पिवळ्या दिव्याची इत्तला

मोर्शी-वरूडची संत्री घेऊन अमरावतीहून अकोल्याकडे निघालेल्या पेट्रोलच्या पिकअपचा ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा मूर्तिजापूरजवळ लुकलुकू लागला, तर त्या इत्तलेकडे चालकाने क्षणभरही दुर्लक्ष करू नये, कारण एखाद्या सिलिंडरमधील ज्वलन चुकले की न जळलेले इंधन सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये शिरून तेथे पेटते आणि तो बहुमोल भाग वितळवून टाकू शकते. इंजिनाच्या संगणकाला ज्वलन चुकल्याचे कळते कसे? प्रत्येक सिलिंडरमधील ज्वलनासरशी क्रँकशाफ्टला एक रेटा मिळतो. एखादा रेटा चुकला की क्रँकशाफ्टबरोबर फिरणाऱ्या दातेरी चकतीची गती सूक्ष्म प्रमाणात मंदावते, आणि सेन्सर नेमकी तीच तफावत टिपतो. खाचखळग्यांचे धक्केही क्वचित अशी खोटी साक्ष देतात. परंतु अमरावती-अकोल्याच्या ज्या महामार्गावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा विक्रम झाला, तेथे ती सबब सहसा चालू नये. तपासात ‘पी ०३०१’ हा संकेतांक आला, तर संशय पहिल्या सिलिंडरवर. मग त्याची इग्निशन कॉइल तिसऱ्यावर चढवून पाहावी, आणि संकेतांक ‘पी ०३०३’ झाला तर कॉइलच दोषी ठरते. ही अदलाबदल मला फार मोलाची वाटते, कारण नवा भाग विकत घेण्यापूर्वीच तीत पुरावा हाती येतो. संकेतांक जागचा हलला नाही, तर प्लग, इंजेक्टर आणि अखेरीस कॉम्प्रेशन तपासावे.