लढाई बापाची, शिक्षा मुलांना का?

मागच्या महिन्यात नववीच्या वर्गात शीतयुद्ध शिकवत होतो. फळ्यावर लिहिलं, 'व्हिएतनाम युद्ध १९७५ साली संपले.' एका मुलीनं हात वर केला. "सर, मी मोबाइलवर पाहिलं, तिथं अजून मुलं अपंग जन्माला येतात. मग संपलं कसं?" तेवढ्यात घंटा झाली. सवाल मात्र माझ्यासोबत घरी आला. तिला दुसऱ्या दिवशी जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

नारिंगी पट्ट्याचे पिंप

१९६१ ते १९७१ या काळात अमेरिकी सैन्यानं दक्षिण व्हिएतनामच्या जंगलांवर आणि शेतांवर विमानांतून तणनाशकं फवारली. प्रमाण थोडंथोडकं नव्हे, ७ कोटी लिटरहून जास्त. झाडांची पानं गळावीत म्हणजे शत्रूला लपायला जागा उरणार नाही, आणि पिकं जळावीत म्हणजे त्याला अन्न मिळणार नाही, असा हिशोब होता. यातल्या सर्वात जास्त वापरलेल्या द्रावणाच्या पिंपांवर नारिंगी पट्टा असायचा, म्हणून त्याचं नाव पडलं 'एजंट ऑरेंज'.

हे दोन तणनाशकांचं मिश्रण होतं. त्यातलं एक तयार करताना कारखान्यात डायॉक्सिन नावाचं अत्यंत घातक रसायन आपोआप मिसळत होतं. डायॉक्सिन पाण्यात विरघळत नाही, ते चिखलाला आणि चरबीला धरून बसतं. तळ्याच्या गाळातून माशात, बदकात आणि तिथून माणसात. शरीरात गेलेलं डायॉक्सिन निम्मं व्हायलाच साधारण ७ ते ११ वर्षं लागतात. आईच्या शरीरात ते असेल तर नाळेतून आणि दुधातून बाळापर्यंत पोहोचतं. पान गळून पडलं, पण जहर जमिनीतच राहिलं. दा नांग आणि बिएन होआ इथल्या जुन्या हवाई तळांची माती युद्धानंतर कित्येक दशकं विषारी होती.

सैनिक घरी परतले, पुढे काय?

अमेरिकेचे सैनिक मायदेशी गेले, लग्नं झाली, मुलं झाली. काहींची मुलं जन्मजात व्यंग घेऊन आली. त्यातला एक आजार म्हणजे स्पायना बिफिडा. गर्भात पहिल्या चार आठवड्यांत, म्हणजे बऱ्याचदा आईला दिवस गेल्याचं कळण्याआधीच, बाळाच्या पाठीचा कणा तयार होऊ लागतो. तो नीट मिटला नाही तर मज्जारज्जू उघडा राहतो. अशा मुलाच्या पायात बळ नसतं, लघवी-शौचावर ताबा राहत नाही, कधी डोक्यात पाणी साठतं. एकामागून एक ऑपरेशनं करावी लागतात.

बापाच्या अंगातल्या विषानं मुलाला असं होतं का? प्रामाणिक उत्तर असं की हे पक्कं सिद्ध झालेलं नाही. १९९६ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीनं 'मर्यादित पुरावा आहे' असं सांगितलं. त्याच वर्षी कायदा झाला आणि व्हिएतनाममध्ये लढलेल्या सैनिकांच्या स्पायना बिफिडा असलेल्या मुलांना उपचार आणि दरमहा भत्ता मिळू लागला. २००० साली महिला सैनिकांच्या मुलांसाठी आणखी अनेक जन्मजात दोषांची भर पडली. पुढे २०१६ मध्ये तज्ज्ञांनी पुन्हा अभ्यास तपासले आणि स्पायना बिफिडाबाबतचा पुरावा 'अपुरा' ठरवला. तरी मुलांची मदत बंद झाली नाही.

ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पुरावा अपुरा म्हणजे नुकसान झालंच नाही, असा अर्थ होत नाही. शंका असेल तर तिचा फायदा आजारी मुलाला द्यायचा, हे अमेरिकेनं आपल्या मुलांच्या बाबतीत केलं. चांगलंच केलं.

मग व्हिएतनामच्या मुलांचं काय?

अमेरिकी सैनिक तिथे साधारण वर्षभर राहून परतले. व्हिएतनामी माणूस त्याच मातीत राहिला, त्याच तळ्यातले मासे खात राहिला. तिथल्या रेड क्रॉसच्या अंदाजानुसार जन्मजात दोष असलेल्या मुलांची संख्या सुमारे दीड लाख आहे. अमेरिकेला हा आकडा मान्य नाही.

रसायन बनवणाऱ्या कंपन्यांनी १९८४ मध्ये अमेरिकी सैनिकांशी १८ कोटी डॉलरवर तडजोड केली, चूक मात्र कबूल केली नाही. २००४ मध्ये व्हिएतनामी पीडितांनी अमेरिकेतच दावा लावला. २००५ मध्ये तो फेटाळला गेला. ही फवारणी झाडांवर होती, माणसांवर विष म्हणून नव्हती, त्यामुळे आंतरराष्ट्रीय कायदा मोडला नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायलाही नकार दिला.

नंतर अमेरिकेनं दा नांगची माती साफ करून दिली, ते काम २०१८ मध्ये पूर्ण झालं. बिएन होआचं काम सुरू झालं. अपंगांसाठीही पैसा दिला, पण 'कारण काहीही असो' अशा भाषेत. म्हणजे मदत आहे, जबाबदारीची कबुली नाही. आपल्या मुलाला शंकेचा फायदा आणि दुसऱ्याच्या मुलाला 'आधी सिद्ध करा', हा दुजाभाव आहे.

जहराशिवायही इजा होते

ऑस्ट्रेलियाचे सैनिकही त्या युद्धात होते. तिथल्या सरकारी अभ्यासांत दिसलं की त्यांच्या मुलांमध्ये आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा बरंच जास्त होतं. रात्री दचकून उठणारा, दारूत बुडालेला, कधी गप्प तर कधी भडकणारा बाप. मूल हे सगळं रोज पाहतं. शिक्षक म्हणून सांगतो, वर्गात ज्याला आपण 'लक्ष नाही' म्हणतो, त्या मुलाच्या घरात काय चाललंय ते आधी विचारायला हवं.

हनोईजवळ 'फ्रेंडशिप व्हिलेज' नावाचं केंद्र आहे. जॉर्ज मिझो या अमेरिकी माजी सैनिकाच्या पुढाकारातून ते उभं राहिलं. तिथे व्हिएतनामी माजी सैनिकांवर उपचार होतात आणि अपंग मुलं शिकतात, हातानं काम करायला शिकतात. जो लढायला गेला होता, त्यानंच हे केलं. न्यायालयाच्या निकालाची वाट पाहिली नाही.

त्या मुलीला मी एवढंच म्हणालो, "बेटा, युद्ध कधी संपलं ते तहावर सही करणारे सांगतात. पण खरं कधी संपलं, ते त्या मुलांच्या आयांना विचारायला हवं." तिनं ते वहीत लिहून घेतलं. परीक्षेत १९७५ लिही, हेही सांगितलं.