वाटा आणि वळणे (भाग 9) : दोन पूर्णांमधला रस्ता

मंठ्याहून तळणीमार्गे लोणारला निघालो की डोंगर दिसत नाही. कपाशी, तूर, सोयाबीन, मधेच एखादा मुरमाड माळ. तरी हा रस्ता डोंगराचाच आहे. मंठा, लोणार, मेहकर, जानेफळ, खामगाव, शेगाव असा तो अजिंठ्याच्या डोंगररांगेची पाठ ओलांडतो. आज त्याचा क्रमांक राष्ट्रीय महामार्ग 548सी आहे.

रस्त्याची आखणी समजून घ्यायची तर आधी पाणी कुठे वाहते ते पाहावे. मंठ्याच्या उत्तरेला पूर्णा भेटते. बुलढाणा जिल्ह्यात तिला खडकपूर्णा म्हणतात. अजिंठ्याच्या डोंगरात उगवून ती येलदरी धरणातून पुढे जाते आणि परभणी जिल्ह्यात कंठेश्वरला गोदावरीला मिळते. ती ओलांडली की मराठवाडा संपून वऱ्हाड लागते. 1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेल्यावर जवळजवळ शंभर वर्षे या भागातली निजामी मुलखाची हद्द हीच होती.

पलीकडे चढ आहे, पण इतका सावकाश की गाडीतल्या माणसाला कळत नाही. लाव्हाचे थर एकावर एक साचून हा मुलूख पायऱ्यापायऱ्यांचा झाला आहे. जुन्या गाडीवाटा शक्यतो माळाच्या कडेने जात, कारण तिथे खाली मुरूम लागतो. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर नीट भराव न घालता डांबर टाकले तर दोन पावसाळ्यांत रस्त्याला लाटा येतात. मंठा भागातल्या कुठल्याही एसटी चालकाला हे सांगावे लागत नाही.

लोणारचे विवर उल्कापाताने झालेले, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे. त्यापुढे मेहकर, पैनगंगेच्या काठी. तिचे पाणीही शेवटी गोदावरीतच जाते. म्हणजे मंठ्यापासून इथवर आपण एकाच मोठ्या नदीच्या अंगणात फिरत होतो. जानेफळ सोडून खामगावकडे जाताना मात्र पठाराची कड येते. इथे पाणी पाठ फिरवते.

बुलढाणा जिल्ह्यात माणसे आपला पत्ताच ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असा सांगतात. मेहकर, लोणार, चिखली घाटावर. खामगाव, शेगाव, नांदुरा घाटाखाली. सोयरिकीच्या बोलण्यातही हे शब्द येतात. मला ही विभागणी सरकारी हद्दींपेक्षा खरी वाटते.

घाटाचे गणित सोपे आहे. 20 मीटर अंतराला 1 मीटर चढ धरला, तर 200 मीटर उतरायला 4 किलोमीटर रस्ता लागतो. कड मात्र सरळ मोजली तर त्याहून कितीतरी जवळ असते. ते जास्तीचे अंतर बसवायला रस्ता डोंगराच्या अंगाला गुंडाळावा लागतो. वळणे येतात ती त्यासाठी. अगदी केसाच्या आकड्यासारख्या वळणावर चढ 40 मीटरला 1 मीटर इतका कमी ठेवतात, म्हणजे भरलेल्या ट्रकचा दम तुटत नाही.

पण घाट टिकतो तो मोऱ्यांवर. डोंगराच्या बाजूची नाली पाणी गोळा करते, मोरी ते रस्त्याखालून दरीत सोडते. गेल्या पावसाळ्यात एका घाटात पाल्याने आणि दगडांनी तोंड बुजलेली मोरी पाहिली. पाणी रस्त्यावरून आडवे वाहत होते, दरीकडची साइडपट्टी तुटून पडली होती आणि डांबराची कड ओठासारखी हवेत लोंबत होती. फावड्याने तासाभराचे काम होते ते. वेळेवर झाले असते तर भिंत नव्याने बांधायची पाळी आली नसती. पावसाळ्यापूर्वी मोरी साफ करण्याला मी घाटातले सर्वांत मोठे काम मानतो.

उतरून खामगाव. इथल्या कापूस बाजारासाठी जलंबहून रेल्वेचा फाटा 1870 साली आला. पठारावरच्या कापसाच्या गाड्यांना खाली उतरायला त्याहून मोठे कारण नको होते.

शेगावपुढे संग्रामपूरकडे जाताना खिरोड्याच्या पुलाखाली पुन्हा एक पूर्णा लागते. नाव तेच, वाट उलटी. ही पश्चिमेला जाते, चांगदेवला तापीला मिळते आणि तिच्यासोबत अरबी समुद्रात. मंठ्याजवळ ओलांडलेल्या पूर्णेचे पाणी तोवर बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागलेले असते.