१८० किलो डेडलिफ्ट मारणाऱ्याने काठीपासून का सुरू करावं?



"सर, दहा वर्षं एका लाईनमध्ये काढली, आता दुसऱ्या लाईनमध्ये उतरायचंय. जुना अनुभव कामाला येईल ना?" हा प्रश्न मला प्रत्येक बॅचमध्ये येतो. माझं उत्तर असं की येईल, पण जसाच्या तसा येणार नाही. हे नीट समजावं म्हणून आज उदाहरण दुकानातलं नाही, जिममधलं घेऊया. मी कॉलेजपासून पॉवरलिफ्टिंग केलं. सध्या दुपारी काउंटरवर गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा वाचून वाचून ऑलिम्पिक वेटलिफ्टिंग शिकतोय. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं: एक बार, दोन बाजूंना प्लेट्स. आतून मात्र दोन वेगळे धंदे आहेत.

फरक कुठे आहे?

पॉवरलिफ्टिंगमध्ये तीन प्रकार असतात: स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट. ऑलिम्पिकमध्ये दोनच. स्नॅच म्हणजे जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर. क्लीन अँड जर्क म्हणजे आधी खांद्यावर, मग डोक्यावर.

डेडलिफ्ट हळू झाली तरी चालते. बार दोन-चार सेकंद कुथत कुथत वर आला तरी लिफ्ट मोजली जाते. स्नॅचमध्ये तशी सवलत नाही. बार जमिनीवरून सुटला की साधारण सेकंदभरात तुम्हाला त्याच्या खाली शिरायचं असतं. हो, खाली! पॉवरलिफ्टरला हेच पचत नाही. वजन पूर्ण डोक्यापर्यंत ओढायचं नसतं. ते पुरेसं वर जातं आणि मग आपण झटकन खाली बसून हात सरळ करून ते पकडतो.

मीराबाई चानूने टोकियोत ४९ किलो गटात ११५ किलोचा क्लीन अँड जर्क केला. म्हणजे वजनगटाच्या सव्वादोन पटीहून जास्त. नुसत्या ओढण्याने हे होत नाही. ताकद, वेग आणि वेळ साधणं, तिन्ही लागतं.

आणि हा खेळ आपल्यापासून लांबचाही नाही. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्य मिळवलं. सुवर्ण फक्त १ किलोने गेलं, तेही कोपराला दुखापत झालेली असताना. घरी वडिलांची पान-चहाची टपरी. टपरीवाल्याचं पोर तिथवर पोचलं ते वर्षानुवर्षं पद्धत घोटून.

काय सोबत आणायचं, काय ठेवून यायचं?

सोबत येतं ते हे: पायांची आणि पाठीची ताकद, रोज वेळेवर सरावाला जायची सवय, वजनाची भीती नसणं. हे तुमचं भांडवल. नवख्या माणसाकडे ते नसतं.

ठेवून यायचं ते हे:

१. पकड. डेडलिफ्टमध्ये एक तळवा पुढे, एक मागे चालतो. इथे ते चालत नाही. इथे हुक ग्रिप, म्हणजे अंगठा बारला लपेटून त्यावर बोटं. पहिले काही आठवडे अंगठा चांगलाच दुखतो.

२. सुरुवातीचा झटका. इथे बार जमिनीवरून ताब्यात ठेवून उचलायचा, खांदे बारच्या किंचित पुढे. खरा स्फोट गुडघ्याच्या वर, मांडीपाशी. खालीच हिसका दिला की बार पुढे पळतो आणि वरचं सगळं गणित बिघडतं.

३. हाताने ओढणं. बेंच मारून कमावलेले दंड लवकर वाकायला बघतात. काम पायांनी करायचं असतं. पाय आणि कंबर पूर्ण सरळ होईपर्यंत हात दोरीसारखे.

४. आखडलेलं शरीर. खांदे, मनगट, घोटे मोकळे नसतील तर बार डोक्यावर धरून खोल बसताच येत नाही. म्हणून इथे टाच उंच असलेले बूट वापरतात. डेडलिफ्टला बरेचजण सपाट तळव्याचे घालतात.

म्हणूनच १८० किलोवाला इथे आधी हलकी काठी घेतो, मग २० किलोचा रिकामा बार. शेजारचा पोरगा बघून हसतो. हसू दे. इथे मोठं वजन लावायची घाई केली तर खांदा, मनगट किंवा कोपर किंमत मोजतं.

वाचून किती शिकता येतं?

वाचनाने तीन गोष्टी मिळतात: नेमके शब्द, शिकायचा क्रम आणि चुकीमागचं कारण. "बार पुढे पडतो" एवढं सगळ्यांना दिसतं. का पडतो, हे चांगलं पुस्तक सांगतं. ग्रेग एव्हरेटचं 'ऑलिम्पिक वेटलिफ्टिंग' हे त्यातलं एक नावाजलेलं.

पण एका वेळी एकाचीच पद्धत धरा. काही प्रशिक्षक वरून खाली शिकवतात, म्हणजे आधी मांडीपासून, मग गुडघ्यापासून, शेवटी जमिनीवरून. काही जमिनीपासूनच सुरू करतात. दोन्ही चालतात. दोन्हींची भेळ केली की डोकं आणि बार दोन्ही गोंधळतात.

वाचन देत नाही ती गोष्ट म्हणजे तुम्ही स्वतः काय करताय हे. त्यासाठी मोबाईल बाजूला, कमरेच्या उंचीवर ठेवून प्रत्येक सेट शूट करायचा. एका दिवशी एकच सूचना. आज फक्त "हात सरळ", बाकी काही नाही. आणि बार डोक्यावर न्यायच्या आधी जाणत्या कोचकडे दोन-चार वेळा जाऊन वजन सुरक्षित टाकायला शिकायचं. ही फी वाचवू नका.

आता तुमच्या धंद्याकडे

समजा तुम्ही धान्याच्या घाऊक व्यापारात होतात आणि आता किरकोळ दुकान टाकताय. बाजारातली पत, मालाची पारख, पहाटे उठायची सवय ही तुमची ताकद, ती येईलच. पण फोनवर सौदा, महिन्याची उधारी, पोत्याच्या हिशोबात विचार ही जुनी पकड आहे. किरकोळीत गिऱ्हाईक दोन मिनिटांत निर्णय घेतं. इथे वेग वेगळा. म्हणून पहिल्याच महिन्यात सगळं भांडवल रॅकवर मांडू नका. थोडा माल, थोडी जागा, आणि रोज रात्री गल्ला मोजताना एकच प्रश्न: आज गिऱ्हाईक काय न घेता परत गेलं? हाच तुमचा बाजूने काढलेला व्हिडिओ.

आजचं काम: वहीत मधोमध रेघ मारा. डावीकडे "सोबत आणतोय", उजवीकडे "ठेवून येतोय". दोन्हीकडे किमान तीन-तीन गोष्टी. उजवी बाजू रिकामी राहिली तर दुकानाची पागडी द्यायची घाई करू नका, आधी त्या धंद्यातल्या कुणाकडे महिनाभर काउंटरवर उभे राहून या.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.