पत्ता नसला तरी
कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर किंवा महाद्वाराच्या आसपास रात्र काढणाऱ्या माणसाची सरकारी मदत बहुधा कागदापाशी अडते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला दरमहा १,५०० रुपये मिळतात. पासष्टीच्या पुढच्यांना श्रावणबाळ योजनेतून तेवढेच. पण तहसील कार्यालयातल्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला हवा, शिवाय महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा. ज्याचं सगळं चंबूगबाळं एका प्लास्टिकच्या पिशवीत आहे, त्याचं रेशनकार्ड पहिल्याच मोठ्या पावसात लगदा होतं. उशाखालचा मोबाइल चोरीला गेला की बँकेचा ओटीपीही गेला.

वाटा मात्र आहेत, आणि त्या प्रत्येक निराधाराला कुणीतरी सांगायला हव्यात. मान्यताप्राप्त निवारा केंद्राच्या प्रमुखाने ठरावीक नमुन्यात दिलेलं प्रमाणपत्र आधार कार्डासाठी पत्त्याचा पुरावा म्हणून चालतं. मतदार नोंदणीत तर पत्त्याचा कागदच लागत नाही: मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री त्या जागी येऊन माणूस खरंच तिथे झोपतो का, हे पाहतो, तेही एकाहून अधिक रात्री. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. इथे सरकार माणसाच्या अंथरुणापाशी जातं. निराधार अनुदानासाठीही अशीच पडताळणी का नको?

पण निवारा केंद्राचं प्रमाणपत्र मिळायला आधी निवारा हवा. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष दर लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांच्या निवाऱ्याचा होता. २०११च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात होती. त्या हिशेबाने सुमारे ५५० जणांची सोय हवी.