शेजाऱ्याच्या खिडकीकडे लागलेली नजर : ‘डिस्टर्बिया’ आणि प्रेक्षकांची मते

किशोरवयीन मुलांनी रहस्यपट पाहावेत की नाही, हा प्रश्न पालक आम्हांला वारंवार विचारतात. त्याचे सरसकट उत्तर देता येत नाही. चित्रपट काय दाखवतो याइतकेच, तो पाहणाऱ्याला काय योग्य वाटायला लावतो, हेही तपासावे लागते. या दृष्टीने २००७ साली प्रदर्शित झालेला ‘डिस्टर्बिया’ हा अमेरिकन चित्रपट आणि त्याविषयी व्यक्त होत आलेली मते अभ्यासण्याजोगी आहेत.

डी. जे. करुसो दिग्दर्शित हा चित्रपट १३ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. सुमारे २ कोटी डॉलर खर्चून तयार झालेल्या या चित्रपटाने जगभरात ११ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवले आणि सलग तीन आठवडे तो अमेरिकेतील तिकीटविक्रीत अग्रस्थानी राहिला. प्रमुख भूमिकेतील शाया लबफ हा तरुण नट या यशामुळे घराघरांत पोहोचला. याच नटाने पुढे २०२२ सालच्या ‘पाद्रे पिओ’ या चित्रपटात संत पिओ यांची भूमिका केली.

कथानक थोडक्यात असे आहे. केल हा शाळकरी मुलगा वडिलांसोबत मासेमारीहून परतत असताना मोटारीला अपघात होतो. गाडी केल चालवत असतो. त्यात वडील दगावतात. वर्षभरानंतरही तो सावरलेला नसतो. वर्गात शिक्षकाने वडिलांचा उल्लेख करताच त्याचा तोल जातो आणि तो शिक्षकावर हात उगारतो. न्यायालय त्याला तीन महिन्यांची नजरकैद सुनावते. त्याच्या पायात इलेक्ट्रॉनिक कडे अडकवले जाते आणि घरापासून सुमारे १०० फुटांची मर्यादा ओलांडताच पोलिसांना इशारा मिळेल, अशी व्यवस्था केली जाते. आई नोकरीत गुंतलेली. मुलाने शिक्षेचे दिवस मौजेत घालवू नयेत म्हणून ती त्याचे व्हिडिओ गेम बंद करते आणि टीव्हीची वायरही कापून टाकते. अशा वेळी केल हाती दुर्बीण घेतो. शेजारी नव्याने राहायला आलेली ॲशली ही मुलगी आणि पलीकडच्या घरातील टर्नर हा एकाकी गृहस्थ त्याच्या नजरेच्या टप्प्यात येतात. बेपत्ता महिलेच्या प्रकरणातील संशयित मोटारीचे वर्णन बातम्यांत येते. ते टर्नरच्या गाडीशी जुळते आणि केलचा संशय बळावतो.

येथे ‘उपनगर’ म्हणजे आपल्याकडील दाटीवाटीची वस्ती नव्हे. अमेरिकन उपनगरात स्वतंत्र घरे, पुढेमागे हिरवळ आणि मोठ्या काचेच्या खिडक्या असतात. घरे एकमेकांना दिसतात. माणसे मात्र एकमेकांना फारशी ओळखत नाहीत. हा विरोधाभासच या चित्रपटाची खरी भूमी आहे.

प्रेक्षकांची मते साधारणपणे तीन प्रकारची आढळतात. पहिल्या गटाला चित्रपटाचा पूर्वार्ध भावतो. कंटाळलेल्या मुलाची तगमग, मित्रासोबतची थट्टामस्करी, आईशी उडणारे खटके यांत त्यांना खरेपणा जाणवतो. डेव्हिड मोर्स या नटाने रंगवलेला शांत, सभ्य भासणारा टर्नरही त्यांना विशेष भयप्रद वाटतो. दुसऱ्या गटाची तक्रार उत्तरार्धाविषयी आहे. हळूहळू वाढत गेलेला संशय शेवटी तळघर, मृतदेह आणि हाणामारी यांत विरून जातो, असे त्यांचे म्हणणे. हे दोन्ही अभिप्राय आम्हांला रास्त वाटतात.

तिसरा गट म्हणतो की, हा चित्रपट आल्फ्रेड हिचकॉक यांच्या १९५४ सालच्या ‘रिअर विंडो’ची नक्कल आहे. लंडनमधील येशूसंघीयांच्या शाळेत शिकलेल्या या दिग्दर्शकाने कॉर्नेल वूलरिच यांच्या १९४२ सालच्या एका कथेवरून तो चित्रपट केला होता. पाय मोडल्यामुळे खोलीत अडकलेला छायाचित्रकार खिडकीतून शेजाऱ्यांना न्याहाळतो आणि त्यांतील एकाने पत्नीचा खून केला असावा, असा त्याला संशय येतो. साम्य उघड आहे. वूलरिच यांच्या कथेचे हक्क असलेल्या न्यासाने २००८ साली ‘डिस्टर्बिया’च्या निर्मात्यांवर दावाही दाखल केला. मात्र २०१० साली न्यूयॉर्क येथील न्यायालयाने तो फेटाळला. शेजाऱ्यावर पाळत ठेवताना गुन्हा उघडकीस येणे ही एक सर्वसाधारण कल्पना आहे आणि कल्पनेवर कोणाची मालकी असू शकत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

नकलेचा वाद न्यायालयात संपला. आमच्या मते दोन्ही चित्रपटांतील महत्त्वाचा फरक वेगळाच आहे आणि पालकांनी तोच लक्षात घ्यावा.

‘रिअर विंडो’ आपल्या नायकाला सुखाने डोकावू देत नाही. त्याची शुश्रूषा करणारी परिचारिका आरंभीच त्याला फटकारते. शेजाऱ्याची पत्नी जिवंत आहे असे पोलीस अधिकारी पटवून देतो, तेव्हा नायक आणि त्याची प्रेयसी खट्टू होतात. एक स्त्री मेली नाही याचे आपल्याला वाईट वाटते आहे, हे त्या प्रेयसीच्या ध्यानात येते आणि ती ओशाळते. पुढे एका शेजारणीच्या कुत्र्याला कोणीतरी ठार मारते. तेव्हा ती सज्जातून टाहो फोडते की, येथे कोणालाच कोणाविषयी आस्था नाही. पाहणे आणि आस्था असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे प्रेक्षकाला तेथे टोचते.

‘डिस्टर्बिया’मध्ये ही टोचणी जवळजवळ नाही. आपल्यावर दुर्बिणीने पाळत ठेवली गेली हे ॲशलीला कळते, तेव्हा तिने संतापावे अशी आपली अपेक्षा असते. परंतु केल आपण काय काय पाहिले याचे हळुवार वर्णन करतो आणि ती त्यावर भाळते. जी गोष्ट प्रत्यक्षात कोणत्याही मुलीला भयभीत करील, ती येथे प्रेमाचा पुरावा ठरते. टर्नरच्या बाबतीत तर संशय खराच निघतो. म्हणून पाळत, त्याच्या गाडीत व घरात चोरून शिरणे हे सारे आपोआप क्षम्य होते. फळ चांगले निघाले म्हणून कृत्य चांगले ठरत नाही, हा नीतिशास्त्राचा प्राथमिक धडा. टर्नर निरपराध असता तर? एका एकाकी माणसाची तीन मुलांनी केलेली ती छळवणूकच ठरली असती.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा आहे. चित्रपट झळकला तेव्हा पहिला आयफोन बाजारात यायला दोन महिने अवकाश होता. केलच्या मित्राला टर्नरच्या घरात शिरताना वेगळा व्हिडिओ कॅमेरा हाती घ्यावा लागतो. आज तो कॅमेरा बहुतेक मुलांच्या खिशात आहे. कोणाच्याही नकळत छायाचित्र टिपणे आणि क्षणार्धात ते सर्वत्र पाठवणे, यासाठी नजरकैदेचा कंटाळाही लागत नाही.

मग हा चित्रपट मुलांना दाखवू नये काय? अमेरिकेत त्याला ‘पीजी-१३’ हे प्रमाणपत्र मिळाले होते. म्हणजे तेरा वर्षांखालील मुलांबाबत पालकांनी विशेष सावध राहावे. हिंसेची काही दृश्ये पाहता तो लहानग्यांसाठी नाही, हे स्पष्ट आहे. मोठ्या मुलांना सरळ मनाई करण्यापेक्षा पालकांनी सोबत बसून तो पाहावा, असे आम्ही सुचवू. नंतर दोन प्रश्न जरूर विचारावेत : ॲशलीच्या जागी आपली बहीण असती तर? आणि वडिलांच्या मृत्यूचे ओझे वाहणाऱ्या केलशी कोणी वेळीच बोलले असते तर? दुसऱ्या प्रश्नाकडे प्रेक्षकांचे सहसा लक्ष जात नाही. संपूर्ण वस्तीवर नजर ठेवणाऱ्या या मुलाच्या दुःखाकडे मात्र पुरेसे कोणी पाहिलेले नसते.

शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात याजकानेही जखमी माणसाला पाहिले, लेव्यानेही पाहिले आणि शोमरोन्यानेही पाहिले. पाहिले तिघांनी, पण कळवळा एकालाच आला. शेजाऱ्याकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो, एवढाच प्रश्न हा चित्रपट संपल्यावर घरात चर्चिला गेला, तर मुलांचे ते दोन तास वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही.