कळसूबाईला जायचंय? चढायची नाही, उतरायची वाट आधी ठरवा

छत्रपती संभाजीनगर : पाऊस ओसरू लागला, नवरात्र तोंडावर आलं की गावागावांत कळसूबाईचे बेत शिजू लागतात. मंडळाची पोरं, शिक्षकांचा एखादा गट, कधी चार घरांची मिळून एक गाडी. गाडी कोणाची, डबे कोण आणणार, सगळं ठरतं. वर कोणत्या वाटेने जायचं हे मात्र पायथ्याला पोचल्यावर, तेही मोबाईलवरचा व्हिडिओ बघून ठरतं. खरं तर पहिला प्रश्न तोच असायला हवा.

कळसूबाईची उंची १६४६ मीटर. राज्यातलं हे सगळ्यात उंच शिखर अहिल्यानगर जिल्ह्यातला अकोले तालुका आणि नाशिक जिल्ह्यातला इगतपुरी तालुका यांच्या हद्दीवर उभं आहे. बारी गावातून निघालं तर पायाने चढायची उंची साधारण आठशे मीटर भरते. आपल्या देवगिरीचा डोंगर पायथ्यापासून जेमतेम दोनशे मीटर. म्हणजे देवगिरीचा माथा एका दिवसात चार वेळा गाठायचा, आणि चार वेळा उतरायचाही. म्हैसमाळवर गाडी थेट वर जाते, त्यामुळे 'आम्ही म्हैसमाळ केलंय' हा अनुभव इथे धरू नका.

वाटा मुख्यतः दोन. पहिली बारी गावातून. हीच सगळ्यांची वाट. पायऱ्या आहेत, उभ्या कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत, मध्ये मध्ये गावातल्या लोकांची लिंबू सरबत, ताक, भजी विकणारी झोपडीवजा दुकानं आहेत. वाट ठळक असल्याने चुकायची भीती कमी. वर जायला तीन ते चार तास, उतरायला अडीच ते तीन.

दुसरी इंदोरे गावातून, म्हणजे नाशिक जिल्ह्याच्या बाजूने. गर्दी नको असलेली मंडळी इकडून जातात. चढ जास्त उभा, वर्दळ कमी, गवत वाढलं की पायवाट दिसत नाही. गावातला वाटाड्या सोबत असेल तरच या वाटेचा विचार करा. भंडारदऱ्याच्या बाजूने उडदावणे गावातूनही लोक चढतात, तिथेही हाच नियम. अलंग-मदन-कुलंग करून कळसूबाईला येणाऱ्यांचे फोटो बघून कोणी हुरळून जाऊ नये. अलंग आणि मदनला दोर लागतो, दोर बांधणारा माणूसही जाणता लागतो.

आता निवडायचं कसं? बहुतेक जण विचारतात, 'जवळची वाट कोणती?' जवळची वाट म्हणजे उभी वाट, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. चढताना अंगात जोर असतो, हात टेकवता येतात, नजर समोरच्या दगडावर असते. उतरताना गुडघे बोलायला लागतात, पाणी संपलेलं असतं, ऊन कललेलं असतं. सुकलेल्या मुरमाच्या घसाऱ्यावरून पाय सुटतो तो उतरतानाच. म्हणून वाट निवडताना एकच प्रश्न विचारा : संध्याकाळी, दमलेल्या अवस्थेत, यावरून आपल्यातला सगळ्यात हळू चालणारा माणूस खाली येईल का? गटातल्या दणकट पोराला विचारू नका. तो हो म्हणणारच. मावशींना विचारा, सातवीतल्या मुलाला विचारा.

एका वाटेने चढून दुसरीने उतरण्याचा मोहही अनेकांना होतो. ज्या वाटेने तुम्ही वर आलात, तिचे अवघड टप्पे तुम्ही उजेडात पाहिलेले असतात. अनोळखी वाट उतरायला घेतली तर तिथला कडा समोर येईपर्यंत कळतच नाही, शिवाय गाडी डोंगराच्या पलीकडे उभी. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी बारीने चढावं, बारीनेच उतरावं. यात कमीपणा काही नाही.

मात्र बारीची वाट म्हणजे बिनधोक, असंही नाही. नवरात्रात आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी शिड्यांवर रांग लागते. चढणारे आणि उतरणारे एकाच शिडीवर भेटले की तासाचा खोळंबा ठरलेला. त्यात पाऊस असेल तर लोखंड निसरडं, कातळावर शेवाळ. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिकडचं घाटघर राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे. आपल्या श्रावणसरींच्या हिशेबाने तिकडचं धुकं मोजू नये. दहा फुटांवरचा माणूस दिसत नाही. जमत असेल तर सुट्टीचा दिवस टाळा, पहाटे चढाई सुरू करा, आणि परत फिरायची वेळ निघतानाच ठरवून ठेवा. दुपारी एक म्हटलं की एक. माथा दिसत असला तरी.

परत फिरणं म्हणजे हार, असं वाटणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण बघावं. पोलीस दलातले रफिक शेख यांनी २०१६ मध्ये एव्हरेस्ट सर केलं, ते तिसऱ्या प्रयत्नात. २०१४ मध्ये नेपाळच्या बाजूच्या खुंबू हिमप्रपातात हिमकडा कोसळून १६ नेपाळी कामगार गेले, २०१५ मध्ये भूकंप झाला. दोन्ही वर्षी मोहिमा थांबल्या, तेही परतले. एव्हरेस्टलाही मुख्य वाटा दोनच. नेपाळकडून गेलं तर सरकत्या, तुटत्या बर्फाचा हा टप्पा लागतो. तिबेटकडून गेलं तर तो टळतो, पण वरच्या धारेवर वारा आणि थंडीत जास्त वेळ काढावा लागतो. कोणत्या धोक्याला तोंड द्यायची आपली तयारी आहे, हे पाहूनच तिथे वाट ठरते. कळसूबाईलाही तसंच आहे, फक्त आकडे लहान.

रस्त्याचंही बोलायला हवं. समृद्धी महामार्ग थेट इगतपुरीपर्यंत झाल्यापासून 'रात्री निघू, चढू, रात्री परत' असे बेत वाढले. १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर वैजापूरजवळ जांबरगाव टोलनाक्यापाशी सैलानीहून परतणाऱ्या १२ भाविकांचा जीव गेला, हे अजून कोणी विसरलेलं नाही. सात तास चालून आलेल्या माणसाने त्याच रात्री स्टिअरिंग धरू नये. न चढणारा चालक सोबत घ्या, नाहीतर बारी किंवा भंडारदऱ्याला मुक्काम करा. दुचाकीला समृद्धीवर बंदी आहे, त्यामुळे बाईकवाल्यांना वैजापूर-येवला-नाशिक-घोटी किंवा शिर्डी-संगमनेर-अकोले-राजूर असाच रस्ता धरावा लागेल. त्यांनी तर मुक्काम करावाच.

सोबत माणशी किमान तीन लिटर पाणी, खोल खाचांचे बूट, विजेरी. निघण्याआधी बारी गावात फोन करून वाट सुरू आहे का, वन विभागाने बंदी घातली आहे का, हे विचारून घ्या. आणि त्याआधी एका रविवारी घरच्यांना घेऊन देवगिरी दोनदा लागोपाठ चढून-उतरून बघा. दुसऱ्या फेरीला कोण मागे राहतं, त्याच्यावरून वाट ठरवा.